बार्सिलोनाचे सुपरब्लॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहर काठोकाठ भरलं की नव्या बागेला जागा उरत नाही. बार्सिलोनाने ती जागा रस्त्यांतून काढली. रंगवलेला डांबरी रस्ता, झाडांच्या मोठमोठ्या कुंड्या, भर चौकात मांडलेली टेबलं असे तिथले फोटो आपल्याकडेही बरेच फिरले. फोटोत जे दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

सुपरब्लॉक म्हणजे नेमकं काय?

चारही बाजूंनी रस्ता असलेला इमारतींचा चौकोन म्हणजे एक ब्लॉक. असे तीन ओळींत तीन-तीन, म्हणजे नऊ ब्लॉक एकत्र धरायचे. बार्सिलोनाच्या मापाने हा साधारण ४०० मीटर बाय ४०० मीटरचा तुकडा होतो. त्याच्या कडेने जाणारे चार रस्ते नेहमीसारखे वाहते ठेवायचे. बस, ट्रक, घाईत असलेले सगळे तिथून जातील. आतले दोन आडवे आणि दोन उभे रस्ते मात्र आरपार जाण्यासाठी बंद. आत शिरलेल्या गाडीला चौकात सरळ जाता येत नाही, वळावंच लागतं, आणि एक फेरा मारून ती ज्या बाजूने आली त्याच बाजूच्या मोठ्या रस्त्यावर बाहेर पडते. आत वेगमर्यादा ताशी १० किलोमीटर.

बाकं, झाडं, खेळणी हे सगळं त्यानंतरचं. फोटो बाकांचे निघतात, पण सगळा खेळ त्या सक्तीच्या वळणावर उभा आहे. ते वळण काढून टाका, वेगवान गाड्या परत येतील आणि बाकांवर कोणी बसणार नाही.

म्हणजे आत गाडी न्यायला पूर्ण बंदी?

नाही. रहिवाशांची गाडी, सामानाचा टेम्पो, आजारी माणसाला न्यायला आलेली टॅक्सी, सगळं आत जातं. बंदी आहे ती 'इथे काही काम नाही, फक्त सिग्नल चुकवायचाय' अशा गाडीला. सायकलींना बहुतेक ठिकाणी दोन्ही दिशांनी मुभा असते.

हे बार्सिलोनातच का सुरू झालं?

याची मुळं १८५९ सालात आहेत. तोवर बार्सिलोना तटबंदीच्या आत कोंबलेलं होतं. १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली आणि त्याच वर्षी तटबंदी पाडायला सुरुवात झाली. इल्देफोन्स सेर्दा नावाच्या अभियंत्याने कामगारांची घरं, भाडी, मजुरी, मृत्यू यांची चिकाटीने मोजदाद केली आणि तटाबाहेरच्या माळरानासाठी आराखडा काढला. सुमारे ११३ मीटर बाजूचे एकसारखे चौरस ब्लॉक, बहुतेक रस्ते २० मीटर रुंद आणि प्रत्येक ब्लॉकचे चारही कोपरे तिरके कापलेले. या विस्ताराचं नाव एशाम्पला.

महापालिकेला सेर्दा नको होता. तिने स्वतः घेतलेल्या स्पर्धेत अंतोनी रोविरा इ त्रियास या वास्तुविशारदाचा आराखडा निवडला होता, पण माद्रिदच्या सरकारने सेर्दाचा लादला. (हरलेल्या रोविराने पुढे याच एशाम्पलात सांत आंतोनीची देखणी लोखंडी मंडई बांधली. तिच्याभोवतीच आजचा सर्वांत यशस्वी सुपरब्लॉक आहे.)

सेर्दाच्या मूळ कल्पनेत ब्लॉकच्या दोनच बाजूंना इमारती होत्या आणि मधे सर्वांसाठी बाग. जमीनमालकांना हे कुठून परवडायला? चारही बाजू बांधल्या गेल्या, मजल्यांवर मजले चढले, आणि बागेच्या जागी कारखाने, गोदामं आणि पुढे गाड्यांचे तळ आले. १९८०च्या दशकापासून महापालिकेने आतल्या काही जागा सोडवून तिथे छोट्या बागा केल्या, पण एवढ्या दाटीत त्या पुऱ्या पडण्यासारख्या नव्हत्या. आज एशाम्पलात माणशी दोन चौरस मीटरही हिरवळ येत नाही. त्यामुळे ब्लॉकच्या पोटातली गेलेली बाग आता ब्लॉकच्या बाहेर, रस्त्यावर शोधायची, असा हा उलटा डाव आहे.

आणि सेर्दाने नकळत एक सोय करून ठेवली होती. कोपरे कापलेले असल्यामुळे प्रत्येक चौक अष्टकोनी आणि ऐसपैस, जवळपास २००० चौरस मीटरचा. गाड्या कमी झाल्या की तिथे मैदानच मिळतं.

मुंबईकरांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. १८९६ चा प्लेग, त्यानंतर १८९८ साली स्थापन झालेला सुधार ट्रस्ट, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती. साथीच्या भीतीने शहरं आखली गेली ती फक्त युरोपात नाही.

कल्पना कोणाची?

साल्वादोर रुएदा यांची. ते मूळचे पर्यावरण अभ्यासक. १९८०च्या दशकात शहरातल्या आवाजावर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की गाड्यांची संख्या थोडीफार कमी करून रस्ता शांत होत नाही, आरपार जाणारा प्रवाहच उचलावा लागतो. पहिला प्रयत्न १९९३ साली जुन्या शहरातल्या बोर्न भागात झाला, मग २००० नंतर ग्रासियात. ग्रासिया हे मुळात वेगळं गाव, अरुंद गल्ल्या आणि छोटे चौक असलेलं. तिथे ही गोष्ट इतकी सहज रुजली की आज कोणाला तो 'प्रयोग' होता हेही आठवत नाही. गाजावाजा झाला तो २० मीटर रुंद रस्त्यांना हात लावला तेव्हा.

नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकातच राहत्या गल्ल्यांत मुलांच्या खेळाला गाडीपेक्षा वरचा मान देणारा कायदा झाला होता, हेही सांगायला हवं. बार्सिलोनाचं वेगळेपण हे की त्यांनी एकेका गल्लीऐवजी आख्ख्या जाळ्याचा विचार केला.

पोब्लनोउमध्ये एवढा गोंधळ का झाला?

सप्टेंबर २०१६. आदा कोलाउ महापौर. पोब्लनोउ या एकेकाळच्या गिरणगावात एका रात्रीत खुणा बदलल्या, रस्ते वळवले आणि आतल्या चौकांचा ताबा वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिला. त्यांनी रंग, टायर, कुंड्या, जे मिळेल ते वापरून दोन आठवड्यांत जागा मांडली. खर्च नगण्य.

लोक भडकले. नेहमीचा रस्ता बंद, बसथांबा हललेला, गाडीवाले गोल गोल फिरतायत, आणि 'आम्हाला कोणी विचारलं?' हा रास्त सवाल. बाल्कन्यांतून निषेधाचे फलक लटकले. त्यात त्या भागात तेव्हा वस्ती विरळ होती, बऱ्याच जागी गोदामं आणि मोकळे भूखंड. त्यामुळे सुरुवातीला रिकाम्या चौकांचे फोटो काढून विरोधकांनी खिल्लीही उडवली.

महापालिकेने ना माघार घेतली, ना रेटून नेलं. बैठका झाल्या, काही रस्त्यांची दिशा बदलली, झाडं आली, मुलांची खेळणी आली, जेवायची टेबलं आली. रंग पुसता येतो आणि कुंडी हलवता येते, म्हणून चूक दुरुस्त करायला खर्च आला नाही. थोड्या वर्षांत तिथल्याच रहिवाशांची संघटना सुपरब्लॉकच्या बाजूने उभी राहिली.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. आपल्याकडे आधी निविदा, मग ग्रॅनाइट, मग उद्घाटन, आणि त्यानंतर कळतं की टेम्पो वळत नाही. पोब्लनोउने आधी रंग मारला.

आणि सांत आंतोनी?

तिथे दाट वस्ती आहे, मंडई आहे, जुनी दुकानं आहेत. नऊ वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ साली मंडई पुन्हा उघडली आणि तोच मुहूर्त साधून भोवतालचे रस्ते बदलले. लोक आधीच पायी येत होते, त्यांना फक्त जागा हवी होती. इथे विरोध फारसा टिकला नाही.

आतली वाहतूक बाहेरच्या रस्त्यांवर जाऊन तिथे कोंडी होणार नाही का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर 'काही प्रमाणात होते' असं आहे.

वाहतूक पाण्यासारखी असते, एक वाट अडवली की तेवढंच पाणी दुसरीकडून जाणार, असं आपण धरून चालतो. पण गाडी चालवणारा माणूस विचार करू शकतो. वाट त्रासाची झाली की कोणी वेळ बदलतो, कोणी मेट्रो धरतो, कोणी दोन कामं एकाच फेरीत उरकतो, कोणी जायचंच टाळतो. ब्रिटिश संशोधकांनी ११ देशांतली ७० उदाहरणं तपासली. निम्म्या ठिकाणी असं आढळलं की आधी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांपैकी ११ टक्क्यांहून जास्त वाहनं आजूबाजूच्या कुठल्याच रस्त्यावर सापडली नाहीत. सगळीकडे तसं होतं असं मात्र नाही. काही ठिकाणी वाहतूक वाढलीही.

पुणेकरांनी हे दर वर्षी पाहिलेलं आहे. गणेशोत्सवात मध्य शहरातले मुख्य रस्ते संध्याकाळी बंद होतात, विसर्जनाला लक्ष्मी रस्ता २४ तासांहून जास्त वेळ गाड्यांविना असतो. तेव्हा रोजची सगळी वाहनं सिंहगड रस्त्यावर जाऊन उभी राहतात का? लोक गाडी घरी ठेवतात आणि चालत देखावे बघायला येतात.

तरीही कडेच्या रस्त्यांवर राहणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. एशाम्पलात समांतर रस्त्यांवरच्या रहिवाशांनी 'तुमची शांतता, आमचा धूर' असा आक्षेप वारंवार घेतला आहे. दहा-पंधरा सुपरब्लॉक होऊन थांबलं तर कडेच्या लोकांवर अन्यायच होतो. आख्ख्या शहरात गाड्याच कमी झाल्या तरच हा हिशेब जुळतो, आणि त्यासाठी बस लागते.

बसचा काय संबंध?

फार मोठा. बार्सिलोनाने २०१२ ते २०१८ या काळात बसचं जाळं मुळापासून बदललं. आधी प्रत्येक मार्ग वेडावाकडा, गल्लीबोळांतून फिरणारा. नव्या जाळ्यात २८ मार्ग आहेत: ८ आडवे, १७ उभे, ३ तिरके. सरळ रेषेत जाणारी बस जास्त वेळा येते, आणि कुठेही जायचं तर बहुधा एकदाच बदलावी लागते. हे मार्ग मोठ्या रस्त्यांवरूनच जातात, त्यामुळे आतले रस्ते मोकळे करता येतात. जानेवारी २०२० पासून जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना कामाच्या दिवशी शहरात बंदी आली, तिचाही हातभार लागला.

सुपरब्लॉकची नक्कल करणारी बरीच शहरं ही पायरी गाळतात. मग दोन गल्ल्या रंगवल्या जातात आणि लोक म्हणतात, 'जमलं नाही हो.'

रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत कशी जाणार?

आधीपेक्षा सहज. रस्ता एकाच पातळीत असतो, मधे साडेतीन मीटरच्या आसपास मोकळी पट्टी ठेवलेली असते आणि तिच्यावर गाड्या उभ्या नसतात. त्यांना आरपार जायलाही मुभा असते.

बाकं ठेवली म्हणून लोक एकमेकांशी बोलायला लागतात का?

बाकांमुळे लागत नाहीत. गाड्या कमी झाल्यामुळे लागतात.

याचा सर्वांत गाजलेला अभ्यास बार्सिलोनाचा नाही, सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी एकसारखी घरं आणि एकसारखी माणसं असलेले तीन रस्ते निवडले. एकावरून दिवसाला सुमारे २००० वाहनं जात, दुसऱ्यावरून ८०००, तिसऱ्यावरून १६०००. रहिवाशांना विचारलं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती? पहिल्या रस्त्यावर सरासरी ३, दुसऱ्यावर १.३, तिसऱ्यावर ०.९. ओळखीपाळखीही तशाच घटत गेल्या. 'तुमचं घर कुठून कुठपर्यंत?' हे नकाशावर काढायला सांगितलं, तर शांत रस्त्यावरच्या लोकांनी आख्खी गल्ली आपली म्हणून दाखवली. गजबजलेल्या रस्त्यावरच्यांनी आपली इमारत, कधी फक्त आपला फ्लॅट. ॲपलयार्ड १९८२ साली अथेन्समध्ये एका मोटारीच्या धडकेने गेले. यावर काही बोलावंसं वाटत नाही.

चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. कॉमन गॅलरी आणि मधलं पटांगण ही गप्पांची यंत्रणा होती, कारण तिथून जाणारा प्रत्येक माणूस चालत जात होता आणि थांबू शकत होता. गिरगावच्या अनेक वाड्यांत शिरलेला रस्ता वाडीतच संपतो. तिथल्या शेजारपणाचं श्रेय आपण 'जुन्या काळच्या माणसां'ना देतो. थोडं श्रेय त्या संपणाऱ्या रस्त्यालाही द्यायला हवं.

बार्सिलोनाच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने सांत आंतोनी आणि पोब्लनोउमधल्या रहिवाशांशी बोलून केलेल्या पाहणीतही हेच आलं: आवाज कमी, झोप बरी, शेजाऱ्यांशी बोलणं जास्त. मात्र पाहणीतल्या तिसऱ्या भागात, ओर्ता इथे, बदल जुजबी होते आणि परिणामही जाणवण्यासारखे नव्हते. अर्धवट केलं की अर्धाही फायदा होत नाही, असं दिसतं.

आरोग्याला किती फायदा?

सांत आंतोनीत नायट्रोजन डायऑक्साइड २५ टक्क्यांनी आणि धुळीचे कण (पीएम १०) १७ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्याच संस्थेने मोजलं.

बातम्यांत नेहमी येणारा '६६७ मृत्यू टळतील' हा आकडा वेगळा आहे. तो २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजातला आहे. शहरभर ५०३ सुपरब्लॉक झाले, तर दर वर्षी ६६७ अकाली मृत्यू टळू शकतील, त्यातले २९१ हवा सुधारल्यामुळे, बाकीचे आवाज, उष्णता, हिरवळ आणि चालणं यांमुळे, असा तो हिशेब. ५०३ झालेले नाहीत, त्याच्या जवळपासही नाहीत. म्हणून हा आकडा 'झालेला फायदा' म्हणून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुकानदारांचा धंदा बसतो का?

सुरुवातीला सगळेच दुकानदार विरोध करतात, मग ते बार्सिलोना असो की तुळशीबाग. गिऱ्हाईक गाडीने येतं अशी त्यांची पक्की समजूत असते, आणि बहुतेक ठिकाणी ती चुकीची निघते, विशेषतः दाट वस्तीत. खरी अडचण वेगळीच येते. धंदा वाढतो, पण सगळ्यांचा सारखा नाही. कॉफीची दुकानं आणि रेस्टॉरंटं वाढतात, चांभार आणि हार्डवेअरवाला हलतो. हे ओळखून बार्सिलोनाने एशाम्पलात नव्या खाद्यगृहांच्या परवान्यांवर निर्बंध आणले. सामान उतरवायला वेळा आणि जागा ठरवून दिल्या, तर बाकीचा विरोध बराच निवळतो.

कोन्सेल द सेंत हा रस्ता सुपरब्लॉक आहे का?

नाव तेच लावलं, पण रचना वेगळी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेने धोरण बदललं. नऊ-नऊ ब्लॉकचे तुकडे करण्याऐवजी एशाम्पलातले २१ रस्ते 'हरित अक्ष', म्हणजे झाडांचे आणि पायी चालणाऱ्यांचे सलग रस्ते, करायचे आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे २१ चौक करायचे. पहिल्या टप्प्यात कोन्सेल द सेंत, रोकाफोर्त, कोम्ते बोरेल आणि जिरोना हे चार रस्ते आणि चार चौक घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकाम सुरू झालं, २०२३ मध्ये रस्ते खुले झाले. खर्च ५ कोटी युरोंहून जास्त.

रस्ता सुंदर आहे, त्यात वाद नाही. मातीत लावलेली झाडं, पाणी मुरणारी जमीन, एकसलग दगडी फरशी. पण खुद्द रुएदांनीच त्यावर जाहीर टीका केली: एकेक रस्ता सजवला म्हणजे जाळं बदलत नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. एका रस्त्यावर एवढी रक्कम ओतली की तो रस्ता शहरभरच्या लोकांचं फिरायला जायचं ठिकाण होतो, आणि तिथे राहणाऱ्यांच्या नशिबी रात्री बारापर्यंतचा गलका येतो.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. व्यापाऱ्यांच्या एका संघटनेच्या अर्जावर सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की एवढा मोठा बदल करण्याआधी महानगराच्या १९७६ च्या विकास आराखड्यात रीतसर फेरबदल करायला हवा होता, सबब रस्ता पूर्ववत करा. महापालिकेने अपील केलं. रस्ता उखडला गेला नाही. तोवर कोलाउ निवडणूक हरल्या होत्या. नवे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी झालेलं तसंच ठेवलं, पण पुढचे अक्ष थांबवले.

भाडी वाढून जुने रहिवासी बाहेर फेकले जातात का?

धोका खराच आहे. बार्सिलोनात घरभाडी सगळीकडेच कडाडली आहेत, त्यामुळे त्यातलं किती सुपरब्लॉकमुळे आणि किती पर्यटकांना दिलेल्या फ्लॅटमुळे हे वेगळं काढणं कठीण. शहराने २०२४ साली जाहीर केलं की पर्यटकांच्या फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने २०२८ मध्ये संपतील आणि नवे मिळणार नाहीत. एकच रस्ता सुधारला की तो महाग होतो, शंभर रस्ते सुधारले की त्यातल्या कुठल्याच रस्त्याला वेगळा भाव राहत नाही. थोडक्यात, थांबत थांबत केलेली सुधारणाच जास्त महाग पडते.

दुसरीकडे कुठे केलंय?

स्पेनमधल्याच विटोरिया-गास्तेइसने २००८ पासून बार्सिलोनाआधी जास्त व्यवस्थित केलं, पण छोट्या शहराची बातमी होत नाही. पोन्तेवेद्राने १९९९ पासून मध्यभागातल्या गाड्या जवळपास हटवल्या. बेल्जियमच्या गेंट शहराने २०१७ मध्ये आरपार जाणं बंद केलं. व्हिएन्ना आणि बर्लिन यांचेही आपापले अवतार आहेत.

पुण्या-मुंबईत जमेल का?

जसंच्या तसं नाही. एशाम्पलात २० मीटरचे सरळ रस्ते आणि तळघरात पार्किंग आहे. पेठांत बोळ आहेत आणि रात्री दुचाक्या दारातच उभ्या राहतात. पण तत्त्व उचलता येतं, आणि ते सांगताना एक गल्लत टाळायला हवी. आपल्याकडे 'पादचारी रस्ता' म्हटलं की पहिली ओरड पार्किंगची होते. आरपार जाणं बंद करायला पार्किंग काढावं लागत नाही. कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता यांच्या मधल्या सदाशिव पेठेतल्या गल्ल्या पाहा. तिथला त्रास तिथल्या रहिवाशांच्या गाड्यांपेक्षा सिग्नल चुकवून सुसाट निघणाऱ्यांचा जास्त आहे. चार ठिकाणी एकेरी रस्त्यांच्या दिशा एकमेकींविरुद्ध केल्या, तर गल्ली पळवाट म्हणून निरुपयोगी होते. दारातली स्कूटर दारातच राहते.

दुचाकी हा मात्र आपला खास पेच. पाटीला ती जुमानत नाही आणि फटीतून निघते. बार्सिलोनाही स्कूटरवाल्यांचं शहर आहे, पण तिथे दंड होतो. आपल्याकडे खांब आणि उंचवटे यांवरच भिस्त ठेवावी लागेल, आणि ते बसवताना व्हीलचेअर अडणार नाही हे पाहावं लागेल.

पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा केला आणि पुढेही तो होत राहिला. चांगली गोष्ट. पण एक दिवसाचा सण आणि रोजची व्यवस्था यांत फरक आहे. शहरापाशी पादचारी धोरण २०१६ पासून आहे, कागदाची कमतरता नाही.

सुरुवात करायची तर मी पेठांतून करणार नाही. नवी मुंबईचे किंवा निगडी प्राधिकरणाचे सेक्टर घ्या. कडेने रुंद रस्ता, आत राहती वस्ती, मधे शाळा आणि मैदान. सुपरब्लॉकचा सांगाडा तिथे तयारच आहे.

आणखी एक. आपल्या बिल्डरांना ही कल्पना केव्हाच कळली आहे. टाउनशिपच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या अंगणात, गाड्या नसतात, मुलं मोकळी खेळतात, म्हातारी माणसं फेऱ्या मारतात. फक्त गेटवर नाव लिहून आत जावं लागतं. तेच कुंपणाबाहेर, फुकट आणि सगळ्यांसाठी मागितलं की ते 'आपल्याकडे अशक्य' होतं.

फेरीवाल्यांचं काय?

बार्सिलोनाकडे याचं तयार उत्तर नाही. गाड्या हटल्या की जागा विक्रेत्यांनी भरते, अशी भीती आपल्याकडे लोक बोलून दाखवतात. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा त्यांना नोंदणी आणि ठरलेली जागा देतो, आणि त्यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. आराखडा काढतानाच भाजीवालीची जागा त्यावर काढली, तर नंतरची अर्धी भांडणं होत नाहीत. रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर चार विक्रेते असले की एकट्या बाईला तिथून जायला भीती वाटत नाही, हेही विसरू नये.

आमच्या गल्लीपुरतं काही करता येईल?

येईल, आणि त्याला पैसे लागत नाहीत. एका संध्याकाळी गल्लीच्या दोन्ही टोकांना दोघा-दोघांनी बसायचं आणि तासभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबरचे शेवटचे चार आकडे वेळेसह लिहायचे. जी गाडी एका टोकाने शिरून दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडली, ती आरपारवाली. अशा किती, याचा कागद हातात असला की नगरसेवकाशी किंवा वाहतूक पोलिसांशी बोलणं सोपं होतं. 'गाड्या फार येतात' या तक्रारीला कोणी दाद देत नाही, 'शंभरात इतक्या गाड्यांचं इथे काही काम नाही' याला उत्तर द्यावं लागतं.

मागणी कायमच्या बदलाची करू नका. महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर दिशा बदलून बघा, असं म्हणा. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, शाळेच्या रिक्षावाले काका आणि पाण्याचा टँकरवाला या तिघांशी आधी बोला. विरोध बहुधा तिथूनच येतो आणि बहुधा रास्त असतो.

बार्सिलोनाला गेलो तर काय बघावं?

आधी पोब्लनोउ. ग्लोरियेस किंवा याकुना मेट्रोवर उतरून बादाखोस, पायार्स, याकुना आणि तांजेर या चार रस्त्यांमधला चौकोन पायी फिरा, शक्यतो शाळा सुटायच्या वेळी. मग सांत आंतोनी, रविवारी सकाळी, तेव्हा मंडईबाहेर जुन्या पुस्तकांचा बाजार असतो. कोन्सेल द सेंत संध्याकाळी पाहा आणि त्यानंतर लगेच शेजारच्या आरागो रस्त्यावर पाच मिनिटं उभे राहा, म्हणजे कडेला राहणाऱ्यांची तक्रारही ऐकू येईल.